रुमालाला तिकीट नसतं

साताऱ्याच्या आमच्या घरी पावसाळ्यात लाईट जाते, यात सांगण्यासारखं काही नाही. गेल्या जुलैत मात्र लाईट जाण्यापेक्षा ती येण्याची धास्ती बसली होती. लाईट यायची, राउटरचा दिवा हिरवा व्हायचा, वहिनी लॅपटॉप उघडायची, दोन-तीन मिनिटं सगळं सुरळीत, आणि मग नेट गपकन बंद. थोड्या वेळाने आपोआप परत. कधी लॅपटॉप बरा असायचा आणि हॉलमधल्या टीव्हीवर ते गोल चक्र फिरत बसायचं. कधी टीव्ही ठणठणीत आणि आईचा फोन रुसलेला.

वहिनी घरून जीएसटीची रिटर्न भरायची कामं करते. महिन्याची वीस तारीख जवळ आली की तिच्या खोलीकडे चहा घेऊन जायलाही कुणी धजत नाही. अठरा तारखेला तिचा फोन आला. “भावजी, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मग या आणि हे एकदाचं बघून जा.” मी कॉम्प्युटरवाला म्हणजे पुण्यात एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो. पण घरच्यांच्या लेखी मिक्सर सोडून वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात जमा आहे.

नेटवाल्यांच्या कस्टमर केअरला तिने चारदा फोन केला होता. चारही वेळा एकच उत्तर मिळालं, राउटर बंद करून चालू करा. तिने तो इतक्यांदा बंद-चालू केला होता की त्याच्या प्लगची पकड सैल झाली होती. या दुखण्यावर नेमकं हेच औषध चालत नव्हतं, हे पुढे कळलं.

शनिवारी पोचलो आणि पहिला सगळा दिवस मी चुकीच्या जागी खणत बसलो. वायर बदलली. वायफायचा चॅनल बदलला. राउटर मायक्रोवेव्हपासून लांब नेला. मग राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. अकरा निघाली. त्यातल्या तिघांना नावच नव्हतं, नुसती आकडे-अक्षरांची माळ. माझी खात्री पटली, शेजारच्या बंगल्यातला अकरावीतला मुलगा आमचं वायफाय वापरतोय. आई म्हणाली, “तो पोरगा तसला नाही.” मी ऐकलं नाही, पासवर्ड बदलला आणि सगळ्यांचे फोन एकेक करून पुन्हा जोडले. ते तिघे बिननावाचे पाहुणे परत आले! ते आमचेच फोन होते. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायवर आपला खरा मॅक क्रमांक, म्हणजे कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांक, लपवून एक बनावट लावतात, बाहेर कुणी माग काढू नये म्हणून. ओळखायची खूण सोपी आहे. त्या बारा अक्षरांच्या माळेतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो क्रमांक कारखान्यातून आलेला नाही, फोनने स्वतः रचलेला आहे. तिन्ही माळांत दुसरं अक्षर तसंच निघालं. शेजारचा मुलगा संध्याकाळी गेटवर दिसला तेव्हा मी त्याला उगाचच अभ्यासाचं विचारलं.

खरा धागा वहिनीच्या बोलण्यात आधीच येऊन गेला होता, मी तो पकडला नव्हता. “एकदा कोपऱ्यात काहीतरी इंग्रजीत आलं होतं, आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट की काय. मी बंद केलं.” हे तिने जेवताना सांगितलं, आमटी वाढता वाढता. आपण सगळेच ती कोपऱ्यातली खिडकी न वाचता बंद करतो. विंडोज एरवी शंभर फालतू गोष्टी त्याच कोपऱ्यातून सांगतं, त्यात ही एक कामाची वाहून जाते.

म्हणजे घरात दोन वस्तूंचा पत्ता एकच होता.

हा पत्ता म्हणजे काय, ते अण्णांना सांगताना मी मारुतीच्या देवळाचा आधार घेतला. आपल्याकडे प्रत्येक गावात मारुतीचं देऊळ असतं, आणि ‘मारुतीच्या देवळाशेजारी’ हा पत्ता गावात पुरतो. शेजारच्या गावातही तोच पत्ता असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण त्या गावाचा माणूस त्या गावच्या मारुतीलाच जातो. घराघरातल्या वस्तूंचे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तसे आहेत. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. पृथ्वीवर माणसंच त्याच्या दुप्पट होत आलीत आणि एकेकाकडे तीन-तीन उपकरणं. पत्ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसायला लागलं होतं, म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये तीन पट्टे कायमचे खाजगी वापराला सोडून दिले गेले. दहाने सुरू होणारा एक, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचा दुसरा आणि आपला हा १९२.१६८. तुमच्या घरातला १९२.१६८.१.५ आणि माझ्या घरातला १९२.१६८.१.५ यांची कधी गाठ पडत नाही. बाहेर जाताना राउटर सगळ्यांच्या वतीने स्वतःचा पत्ता लावतो. ही युक्ती करूनही ३ फेब्रुवारी २०११ ला मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले, ती गोष्ट वेगळी.

गावात मात्र मारुती एकच हवा. दुसरा झाला की वडगावचं होतं तसं होतं, एक बुद्रुक आणि एक खुर्द म्हणावं लागतं. माणसांना ते सुचतं. राउटरला बुद्रुक-खुर्द कळत नाही.

अण्णा एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपोत, एकतीस वर्षं. सातारा-मुंबई रातराणीवर त्यांनी बरीच वर्षं काढली. मारुतीचं त्यांना पटलं, पण ते विचारात पडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. “हे नंबर देतो कोण?”

राउटर देतो. उपकरण जोडलं गेलं की ते ओरडून विचारतं, पत्ता देणारं कुणी आहे का? राउटर म्हणतो, हा घे. उपकरण म्हणतं, बरं, हाच घेतो. राउटर म्हणतो, झाला तुझा. चार वाक्यांत व्यवहार आटोपतो, १९९७ मध्ये पक्क्या झालेल्या नियमांवर तो आजही चालतो. पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो, घरोघरी बहुधा एका दिवसाच्या बोलीवर. अर्धी मुदत सरली की उपकरण स्वतःच जाऊन करार वाढवून घेतं. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा कुठला भाडेकरू साडेपाचव्या महिन्यात मालकाकडे जातो?

“म्हणजे तिकीट फाडतो,” अण्णा म्हणाले. “आणि एखाद्याने खिडकीतून रुमाल टाकला असेल तर?”

मी दचकलोच. नेटवर्कवाले ज्याला स्टॅटिक आयपी म्हणतात तो हाच. राउटरला न विचारता एखाद्या यंत्रात कुणीतरी हाताने पत्ता भरून ठेवायचा, म्हणजे खिडकीतून रुमाल टाकायचा. राउटर गाडीत चढतो तेव्हा त्याला सीट रिकामी दिसते. तो ती दुसऱ्याला देऊन टाकतो. मग रुमालवाला येतो.

“मग?”

मग फार वाईट. कारण एकाच घरातल्या यंत्रांना एकमेकांशी बोलायचं तर आधी पत्त्यावरून मॅक क्रमांक शोधावा लागतो, आणि तो शोधायची पद्धत नोव्हेंबर १९८२ ची आहे. राउटर सगळ्या घरात हाळी देतो, ‘१९२.१६८.१.५ कोण आहे?’ जो ‘मी’ म्हणेल तो खरा. ओळखपत्र नाही, साक्षीदार नाही. दोघांनी ‘मी’ म्हटलं तर राउटर ज्याचं शेवटचं ऐकलं त्याचं नाव वहीत लिहितो आणि आधीचं खोडतो. घटकाभराने पहिला पुन्हा बोलतो, पुन्हा खोडाखोड. टीव्हीचं सामान दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याचं टीव्हीच्या दारात, आणि ज्याचं नाही तो ते फेकून देतो. नेट पूर्ण बंद पडतं तर निदान कळलं असतं. ते तुटत-जोडत राहतं, म्हणून माणूस वायरला, कंपनीला, शेजारच्या मुलाला दोष देत बसतो.

२००८ मध्ये यावर एक शिस्त ठरवली गेली. बसण्यापूर्वी तीनदा विचारा, ‘इथं कुणी आहे का?’ कुणी बोललं नाही तर बसा आणि दोनदा जाहीर करा की आता मी आहे. लॅपटॉप हे इमानाने करतो. स्वस्तातली बरीच यंत्रं करत नाहीत. अण्णांचा निकाल तयार होता. “एकतीस वर्षं मी एकच सांगत आलो. रुमालाला तिकीट नसतं. ज्याने रुमाल टाकलाय त्याला उठव.”

उठवायला तो सापडायला हवा होता. वहिनीच्या लॅपटॉपवर काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, म्हणजे यंत्राचा पत्ता दाखवणारी आज्ञा, लिहून पाहिली तर पत्त्यातला शेवटचा आकडा बारा. भांडण नव्हतं, कारण लाईट सकाळपासून गेलीच नव्हती. (तुम्ही हे करून पाहिलंत आणि १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर ते भांडण समजू नका. त्याचा अर्थ पत्ता द्यायला कुणी आलंच नाही आणि यंत्राने नाइलाजाने स्वतःच एक घेतला. तिथे राउटर किंवा वायर बघा.) चांगल्या हवेत हा रोग दिसणार नव्हता. मी लाईट जायची वाट बघत बसलो. साताऱ्यात जुलै महिन्यात ती रविवारी दुपारपर्यंत गेली नाही! शेवटी मीच जाऊन मेन स्विच पाडला आणि पाच मिनिटांनी वर केला.

आई स्वयंपाकघरात होती. तिने गॅसवर कुकर ठेवला होता, पिठलं-भाताचा बेत. मी लॅपटॉपसमोर. राउटरचा दिवा हिरवा झाला, नेट आलं, आयपीकॉन्फिग, शेवटचा आकडा पाच. सगळं चालू. मी घड्याळाकडे बघत होतो. आई आतून म्हणाली, “अजून एक शिट्टी जाऊ दे. मग वरून पीं वाजेल आणि जाईल तुझं नेट.”

“कसलं पीं?”

“माळ्यावर वाजतं की रोज. लाईट आली की वाजतं.”

दुसरी शिट्टी झाली. माळ्यावर खरंच बारीक ‘पीं’ झालं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ती खिडकी वर आली आणि नेट गेलं.

मी लॅपटॉप पूर्ण बंद केला. झाकण मिटवून नव्हे, बटणाने बंद. मग माझ्या फोनवरून त्या पत्त्याला, १९२.१६८.१.५ ला, पिंग करून पाहिलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली. लॅपटॉप मेलेला, समोर काळा पडलेला, आणि त्याच्या पत्त्यावरून उत्तर येत होतं. तीन मिलिसेकंद, चार मिलिसेकंद, तीन मिलिसेकंद. आपल्या घराला बाहेरून कुलूप लावून आपणच कडी वाजवावी आणि आतून कुणीतरी ‘आलो आलो’ म्हणावं, तसं वाटलं. उत्तर देणाऱ्याचा मॅक क्रमांक काढला, त्याची पहिली सहा अक्षरं शोधली. ती अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. कॅमेरे बनवणारी कंपनी निघाली. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर युजरनेम आणि पासवर्ड मागणारं करड्या रंगाचं पान आलं.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर. माळ्यावर, जुन्या ट्रंकेमागे, चार वर्षांपासून. गेटवरचे दोन कॅमेरे आणि मागच्या दारचा एक, तिघांचं चित्रण तो साठवतो. मी शिडी लावून वर गेलो, तर त्याच्यावर बोटभर धूळ आणि एक मेलेली पाल. लाईट आली की राउटर मिनिटभरात उभा राहतो. लॅपटॉपला बॅटरी असते, तो टपूनच बसलेला, लगेच जोडला जातो. डीव्हीआर म्हातारा. तो आधी आपली हार्ड डिस्क तपासतो, कॅमेरे मोजतो, आणि सगळं जागेवर आल्यावर ‘पीं’ करून आपल्या रुमालावर जाऊन बसतो. तिथे कुणी आहे का, ते न विचारता. आमचा राउटर बंद पडला की आधीचे करार विसरतो आणि येतील तसे नंबर वाटतो, म्हणून आज पाच नंबर लॅपटॉपला, उद्या टीव्हीला, परवा आईच्या फोनला. कस्टमर केअरच्या सल्ल्याने वहिनी दर वेळी नवी सोडत काढत होती. दादाही महिनाभर म्हणत होता, की एमआयडीसीतून मोबाईलवर बघायला जावं तर कॅमेरे मधेच ऑफलाइन दाखवतात. त्याची तक्रार आम्ही वेगळ्या खात्यात टाकली होती.

दोनशे त्रेपन्न जागांची गाडी, प्रवासी अकरा, आणि मारामारी एका सीटवर.

कॅमेरेवाल्याला चार शब्द सुनवायचे म्हणून मी फोन हातात घेतला होता. पण एक गोष्ट डोक्यात अडकली. डीव्हीआर चार वर्षं वर आहे, मग हे आत्ताच का? मे महिन्यात आम्ही जुनं ब्रॉडबँड सोडून फायबर घेतलं होतं. नवा डबा आला, जुना राउटर आईने “असू दे” म्हणून शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवला. मी तो काढला, लाईट दिली, त्याचं पान उघडलं. त्यात वाटायचे पत्ते १०० ते १९९ असे बांधलेले होते. नव्या डब्यात २ ते २५४, सगळं मोकळं रान.

म्हणजे कॅमेरेवाल्याने चार वर्षांपूर्वी काम चोख केलं होतं. राउटर शंभराच्या पुढचे नंबर वाटतो हे बघून त्याने आपल्या डब्याला शंभराच्या आतला, कुणाला कधी मिळणार नाही असा नंबर दिला. तो हाताने देणंही बरोबर, कारण डीव्हीआरचा नंबर बदलत राहिला तर दादाच्या मोबाईलला तो सापडणार कसा? फायबरवाल्या पोरानेही नवा डबा कंपनीतून आला तसा लावला, त्याला माळ्यावर काय आहे कोण सांगणार? ‘पाच नंबर राखीव आहे’ ही गोष्ट घरात फक्त जुन्या राउटरला माहीत होती, आणि तो पितळी समईशेजारी झोपला होता.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते कॉटवर उठून बसले. चष्मा लावला, जणू समोर कागद आहे.

“मग तो रुमालवाला नाही रे. तो रिझर्वेशनवाला आहे.” थोडं थांबून म्हणाले, “गाडीवर कंडक्टर बदलला आणि चार्ट त्याच्या हातात आलाच नाही. हे आमच्याकडे व्हायचं. स्टँडवर नव्या माणसाला घाईत सोडायचे, चार्ट कंट्रोलरच्या टेबलावर. पुढे वाटेत कुठेतरी गाडी थांबायची, म्हातारी तिकीट हातात घेऊन चढायची, आणि तिच्या सीटवर कुणीतरी घोरतंय. मी त्या घोरणाऱ्याला कधी शिव्या दिल्या नाहीत. त्यालाही मीच बसवलेलं असायचं.”

दुरुस्तीला सहा मिनिटं लागली, त्यातली चार नव्या डब्याच्या पासवर्डात गेली. तो डब्याच्या पोटावर चिकटवलेल्या कागदावर इतक्या बारीक अक्षरात होता की फोनने फोटो काढून मोठा करून वाचला. वाटायचे पत्ते १०० पासून पुढे बांधून टाकले. दुसराही मार्ग होता, डीव्हीआरचा मॅक क्रमांक राउटरला सांगून पाच नंबर त्याच्याच नावे लिहून ठेवायचा. तो चांगला मार्ग आहे, पण तो पुन्हा डब्याच्या पोटात राहिला असता, आणि डबे बदलतात. मेन स्विच पुन्हा पाडला, पुन्हा वर केला. हिरवा दिवा. पहिली शिट्टी, दुसरी शिट्टी. भात करपायला आला होता, आई आम्हाला दाद न देता गॅस बंद करायला वळली, तेवढ्यात ‘पीं’ झालं. लॅपटॉप चालू राहिला. वहिनी म्हणाली, “एवढंच होतं?” वीस तारखेला तिची सगळी रिटर्न वेळेत गेली.

अण्णांकडे एसटीच्या दिवसांपासून दर वर्षी एक डायरी असते. गॅस सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे, विहिरीची मोटर कधी भरली. त्यांनी मागचं एक पान काढलं, पट्टीने उभ्या रेघा मारल्या आणि मला म्हणाले, सांग. एक, राउटर. पाच, कॅमेऱ्याचा डबा, माळा. पुढे नव्व्याण्णवपर्यंत रिकामं. शंभराच्या पुढे त्यांनी एकच आडवी रेघ मारली आणि लिहिलं, ‘उभे प्रवासी’.

दिवाळीच्या आधी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. मागे कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज होता.

“वहिनीचा प्रिंटरवाला आलाय. म्हणतो, नंबर हाताने टाकतो. मी म्हटलं थांब जरा, आधी डायरी बघू दे. सहा दिलाय त्याला. बरोबर ना?”